नमुना

सोलापूर,
१४ मे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

बारशाचा फोन केल्यानंतर मी जो गप्प झालो, त्याबद्दल तू मनात दोन-चार शिव्या साठवल्या असशीलच. त्या भेटीत ऐकून घेईन. आम्ही सर्व ठीक आहोत, आईचे गुडघे तसेच आहेत. आज लिहायला बसलो, कारण काल घरात जे घडले ते दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायला नळ्या फिरवलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही.

आत्याबाईंनी काल दुपारी अनघाला तिचे अंगावरचे थोडे दूध वाटीत काढायला लावले, ती वाटी खिडकीपाशी उजेडात धरली आणि घरातल्या सर्वांसमोर निकाल दिला, "नुसते निळसर पाणी आहे. यावर पोर कसे वाढायचे?" अनघा काही बोलली नाही, उठून आत गेली. दिवेलागणीपर्यंत डब्याच्या दुधाचा डबा घरात आला होता.

कॅन ढवळल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही, म्हणून तू चेअरमनशी घातलेला वाद मला तेव्हा आठवला. आत्याबाईंचा नमुना निव्वळ पहिल्या धारांचा होता. पहिल्या धारांत फॅट कमी आणि शेवटच्या धारांत सर्वांत जास्त, हे म्हशीइतकेच बाईलाही लागू आहे. मात्र हे वाक्य तू अनघासमोर कृपा करून उच्चारू नकोस. सरासरी पाहिली, तर आईच्या दुधात फॅट साडेतीन ते चार टक्के, म्हणजे तुमच्या संघातल्या गाईच्या दुधाएवढेच असते. प्रथिने मात्र जेमतेम एक टक्का असतात, गाईच्या दुधाच्या एक-तृतीयांश. त्यातही केसीन, म्हणजे दुधाला पांढरेपणा देणारे प्रथिन, थोडे, म्हणूनच ते दूध पातळ आणि निळसर दिसते. यात कमतरता कसलीही नाही. वासराचे वजन दीड-दोन महिन्यांत दुप्पट व्हावे लागते, माणसाचे पोर त्याला सुमारे पाच महिने घेते. जास्तीची प्रथिने आणि क्षार त्याला दिले, तर ते बाहेर टाकण्याचे काम कोवळ्या मूत्रपिंडांवर पडते आणि त्यासाठी शरीरातले पाणी खर्च होते.

पाण्यावरून तर रोजच वाद होतो. सोलापूरचा मे महिना तुला नव्याने सांगायला नको. दुपारी पंखासुद्धा गरम झोत फेकतो. त्यामुळे बाळाला चमचाभर पाणी, त्यात मधाचे बोट, असा आत्याबाईंचा आग्रह असतो. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि क्षार कमी असल्यामुळे अशा उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वेगळे पाणी लागत नाही. तहान लागली की ते अधिक वेळा पिते, एवढेच. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंची बीजे असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजू शकतात, हे सांगितल्यावर त्यांनी मला विचारले, "मग तू कसा जगलास?" या प्रश्नाला एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हते.

तुझ्याशी एक जुना हिशेबही चुकता करायचा आहे. दूध म्हणजे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), बाकी सगळी कविता, असे तू टेबलावर हात आपटून म्हणाला होतास. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅट यांच्या खालोखाल ज्या शर्करा असतात, त्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातल्या बिफिडो जिवाणूंचे अन्न आहेत. ते जिवाणू पोसले गेले की रोगजंतूंना जागा उरत नाही. शिवाय आईला आजवर झालेल्या संसर्गांची ओळख असलेली प्रतिपिंडे त्यात असतात. तुझ्या लॅक्टोमीटरला यातले काय दिसते, ते कळव.

पण सुधाकर, मला चिंता दुधाची नाही, अनघाची आहे. दूध तयार होणे आणि पान्हा फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर चालतो, आणि भीती, वेदना, अपमान यांनी तो अडतो. अंगातले दूध जेवढे निघते तेवढे नवे तयार होते. ते साठून राहिले की शरीर उत्पादन आवरते. म्हणजे संध्याकाळी बाळ घडीघडीला प्यायला मागते, तेव्हा 'पोट भरत नाही' म्हणून डबा उघडला, तर पंधरवड्यात आत्याबाईंचे भाकीत आत्याबाईंच्याच उपायाने खरे ठरेल. बाळ दिवसरात्रीत सहापेक्षा जास्त वेळा दुपटी ओली करते. पहिल्या आठवड्यात उतरलेले वजन, जे बहुतेक बाळांचे उतरते, दुसऱ्या आठवड्यात भरून आले आणि पुढे वाढतेच आहे. बालरोगतज्ज्ञांचे समाधान झाले आहे, वाटीचे झालेले नाही. डब्याशी माझे वैर नाही; जिथे आई आजारी आहे किंवा दूध खरोखरच कमी पडते, तिथे त्याच्यावर मुले जगतात. इथे त्याचे कारण नाही, इतकेच.

१९९२ च्या कायद्याप्रमाणे त्या डब्यावरच 'आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम' असे छापावे लागते. मी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवली. आत्याबाई म्हणाल्या, "बघ, कंपनी किती प्रामाणिक आहे. दूधही तसेच चांगले असणार." यावर आईसुद्धा हसली, अनघा हसली नाही. काल रात्री तिने मला हळूच विचारले की, तुमच्या केंद्रावर हे दूध घेतले असते का. मी फॅटचे आकडे सांगितले. नवऱ्याने सांगितलेले आकडे म्हणजे समजूत घालणे, असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तू दूध संघातला माणूस, त्यामुळे आत्याबाई तुझा शब्द मानतात, आणि तू मला बरे वाटावे म्हणून कधीच बोलत नाहीस, हे अनघाला पुरते ठाऊक आहे. रविवारी जेवणाच्या वेळी फोन कर; मी स्पीकर चालू ठेवीन. पहिल्या आणि शेवटच्या धारांचे तेवढे नीट सांग. आत्याबाईंना दुखवू नकोस. रात्री दोन वाजता रडणाऱ्या पोराला मांडीवर घेऊन त्याच बसतात, आणि सहा महिन्यांनंतर, बाळाचा जन्मजात लोहाचा साठा संपत आला की, नाचणीचे सत्त्व आणि तूप घातलेला मऊ वरणभात त्यांच्याच हातचा लागणार आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींचा पाठीचा त्रास कमी असेल, असे धरून चालतो. चिन्मयीला दुसरीची पुस्तके हवी असतील तर कळव, शेजाऱ्यांकडे संपूर्ण संच आहे.

तुझा,
माधव