मोबाइल खिशात ठेवायला लावणाऱ्या उटीच्या अण्णांना

आम्हाला उटीच्या जंगलात पक्षी दाखवणारे प्रिय अण्णा,

पत्र मराठीत आहे. तुम्हाला कोणी ना कोणी वाचून दाखवेलच. नीलगिरीला कॅमेरे घेऊन निघालेल्यांनीही ते वाचावं, म्हणून असं जाहीर लिहितो आहोत.

पहिले आभार मोबाइलवर पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू न दिल्याबद्दल. ती शीळ ऐकली की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं नराला वाटतं आणि तो चरणं, पिल्लं सोडून भांडायला धावतो. शोलाकिळी या छोट्या, गडद पक्ष्याला हे फारच महागात पडतं. उंचावरचे शोलांचे, म्हणजे डोंगरी सदाहरित रानांचे, तुकडे सोडून जायला तिला दुसरी जागाच नाही. पालघाट खिंडीच्या उत्तरेला नीलगिरी शोलाकिळी, दक्षिणेला पांढऱ्या पोटाची. 2017 मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला हा वेगळा वंशच (genus) मांडला गेला.

आवाजाऐवजी तुम्ही जागा दिलीत. पायवाट जिथे ओढा ओलांडते तिथे, उजाडण्यापूर्वी, खोडाला पाठ टेकून जमिनीवर बसायचं. वर्दळ सुरू होण्याआधी शोलाकिळी हा पक्षी वाटेवर चरायला उतरतो आणि लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीत राहते. तो दोन उड्या मारतो, थांबतो. थांबला की तीन-चार फ्रेम. म्हणून 400 मिमी लेन्सला 1/200 सेकंदही चालतो, मात्र खाली बीनबॅग हवी. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 3200 ते 6400. फ्लॅश अजिबात नाही.

गडद पक्षी, मागे काळोख. कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) दोन तृतीयांश स्टॉप खाली आणा. ब्लॅक अँड ऑरेंज फ्लायकॅचर या काळ्या-नारिंगी पक्ष्याचा नर त्याहून फसवा: एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंग अति उजळून तपशील गेलेला असतो आणि नारिंगी पिसांचा सपाट डाग होतो. लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे आलेख वेगळे पाहा.

लाफिंगथ्रश या थव्याने फिरणाऱ्या पक्ष्यामागे धावणाऱ्यांना तुम्ही रानफळं लागलेल्या झुडपासमोर बसवलंत. थवा आपणच आला. (जळवांपासून वाचवणारे मोजे मात्र प्रत्येकाने आपापले आणावेत!)

घरट्याकडे कॅमेरा वळवू दिला नाहीत, तेव्हा काहींची तोंडं उतरली. माणसं समोर उभी असेपर्यंत आई-बाप चारा घेऊन आत जात नाहीत, पिल्लं उपाशी राहतात, हे तुम्ही तिथल्या तिथे समजावलंत.

निवडक फोटो सोबत पाठवतो आहोत. फाइलींमधली जीपीएसची, म्हणजे जागेची, नोंद काढली आहे. ओढ्याचं नावही कुठे लिहिलेलं नाही.

तुमची,
पुण्याची पक्षीमंडळी