दुसरी खिडकी : दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमचे आभार मानण्याचा प्रयत्न मी याआधी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तुम्ही हात हलवून विषय बदललात. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमचे नाव मी मुद्दामच घातलेले नाही, कारण ते छापलेले तुम्हाला आवडणार नाही. परंतु मे २०१७ मध्ये इराण आणि तुर्कस्तान यांच्या सीमेवर, बाझरगान येथे, माझ्या वडिलांनी बँकेत अडकवलेली ठेव ज्या एका शिक्क्यामुळे सुरक्षित राहिली, तो शिक्का मला तुमच्यामुळे मिळाला. आणि हे तुमच्याशिवाय आणखी काही लोकांना कळावे, विशेषतः स्वतःची मोटारसायकल घेऊन परदेशी जाणाऱ्यांना, असे मला मनापासून वाटते.

त्या वर्षीच्या जानेवारीत मी तुमच्याकडे आलो, तो केवळ एक प्रश्न घेऊन. न्हावाशेवाहून इराणच्या बंदर अब्बासला गाडी पाठवायची, तर लाकडी खोक्यात बंद करून कंटेनरमध्ये भरून देणारा विश्वासू माणूस कोण, एवढेच मला विचारायचे होते. न्हावाशेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू होण्याच्याही आधीपासून तुम्ही मुंबईच्या गोदीत मालाची कागदपत्रे सोडवण्याचे काम करीत होता, हे इमारतीत सर्वांना ठाऊक होते. मी माझी फाइल मोठ्या उत्साहाने तुमच्यापुढे ठेवली. तिच्यात पासपोर्ट होता, आरटीओने दिलेला वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना होता, व्हिसाच्या अर्जाच्या प्रती होत्या आणि नकाशावर लाल शाईने आखलेला मार्ग होता. तुम्ही प्रत्येक कागद शांतपणे पाहिलात, फाइल मिटवलीत आणि म्हणालात, "हे सगळे तुझे कागद झाले. गाडीचे कागद कुठे आहेत?"

मी आरसी बुक काढून दाखवले. तेव्हा तुम्ही मला बसवून घेतलेत आणि त्या संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत उठू दिले नाहीत.

सीमा ओलांडताना माणूस प्रवासी असतो, पण गाडी ही त्या देशाच्या दृष्टीने आयात केलेला माल असते, ही साधी गोष्ट मला तोपर्यंत कुणीच सांगितली नव्हती. तो माल देशात विकला जाणार नाही, ठरलेल्या मुदतीत परत बाहेर जाईल, आणि न गेल्यास त्यावरचे आयातशुल्क कुणीतरी भरेल, याची लेखी हमी देणारे पुस्तक म्हणजे कार्नेट. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारापासून ही पद्धत कशी चालत आली आहे, ज्या देशातून गाडी निघते तिथली वाहनधारकांची संघटना हे पुस्तक देते आणि जगातल्या दुसऱ्या टोकाच्या कस्टम्स खात्यापुढे तीच जामीन राहते, हे तुम्ही मला समजावलेत. मुंबईत ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळाले. त्यासाठी गाडीच्या किमतीहून मोठी बँक हमी द्यावी लागली आणि ती माझ्या वडिलांनी त्यांच्या मुदत ठेवीवर दिली. ती ठेव त्यांनी कशासाठी ठेवली होती, हे तुम्हाला माहीत होते. म्हणूनच बहुधा पुढच्या दोन संध्याकाळीही तुम्ही मला बोलावून घेतलेत.

दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर दोन आडव्या रेषा मारून कार्नेटचे पान काढलेत. खालचा तुकडा प्रवेशाचा, मधला बाहेर पडण्याचा आणि वरचा भाग पावतीपुस्तकातल्या स्थळप्रतीसारखा आपल्याजवळ राहणारा. देशात शिरताना कस्टम्सचा अधिकारी खालचा तुकडा फाडून घेतो आणि वरच्या भागावर प्रवेशाचा शिक्का मारतो. बाहेर पडताना मधला तुकडा फाडतो आणि वरच्याच भागावर दुसरा शिक्का मारतो. या दोन शिक्क्यांपैकी दुसरा नसेल, तर कागदोपत्री गाडी अजून त्याच देशात आहे. ती प्रत्यक्षात डोंबिवलीत आपल्या इमारतीखाली उभी असली, तरी शुल्काची मागणी येऊ शकते, आणि कार्नेटची मुदत संपल्यानंतरही वर्षभर तशी सूचना धाडण्याचा त्या देशाला अधिकार असतो. हे सांगून तुम्ही ते कागदी पान माझ्याकडून दोनदा फाडून घेतलेत. पहिल्यांदा मी मधला तुकडा आधी फाडला होता.

अर्जातली चूकही तुम्हीच पकडलीत. गाडीचा चासी नंबर मी स्वतः टंकलिखित केला होता आणि त्यात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' हे अक्षर पडले होते. सतरा खुणांच्या त्या क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते, हे तुम्ही न बघता सांगितलेत. मग जिन्याखाली गाडीपाशी येऊन, आरटीओत घेतात तसा पेन्सिलीने क्रमांकाचा ठसा घेऊन तो माझ्या अर्जावर लावून पाहिलात. एका अक्षरापायी सीमेवर गाडी अडू शकते, हे मी नंतर अनेक प्रवाशांकडून ऐकले. तुम्ही मला ते होण्याआधी सांगितले होते.

आणि तिसऱ्या संध्याकाळी चार खिडक्या. प्रत्येक सीमेवर चार खिडक्या असतात असे समज, असे तुम्ही म्हणालात : माणूस बाहेर, गाडी बाहेर, माणूस आत, गाडी आत. त्या एका इमारतीत असतील, चार इमारतींत असतील, कधी क्रम बदलेल, कधी एकाच टेबलावर दोन कामे होतील. पण कामे चारच, आणि त्यांतली तीन झाली म्हणजे सीमा ओलांडली असे होत नाही. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तुम्ही चार चौकोन काढून दिलेत. त्याच पुठ्ठ्याच्या मागे फारसी आकडे शून्यापासून नवापर्यंत लिहिलेले होते, कारण इराणचा शिक्का त्यांच्या आकड्यांत आणि त्यांच्या पंचांगाप्रमाणे असतो, आणि आपल्याला वाचता न येणारा शिक्का आपण तपासू शकत नाही. एक, दोन, तीन यांचे आपल्या आकड्यांशी असलेले नाते पाहताक्षणी ओळखू येते. चार, पाच आणि सहा मात्र पाठ करावे लागले. खाली तीन शब्द होते : गुमरुक म्हणजे कस्टम्स, खोरूज म्हणजे बाहेर जाणे, आणि मोहर म्हणजे शिक्का. हा शेवटचा शब्द आपणही मोहोर म्हणून तिकडूनच घेतलेला आहे, त्यामुळे तो विसरणार नाहीस, असे तुम्ही म्हणाला होता.

बंदर अब्बासला गाडी सोडवण्यात दोन दिवस गेले. खालचा तुकडा फाटला, शिक्क्यावरचे १३९६ हे साल मी वाचले आणि पहिल्यांदाच मला त्या पुठ्ठ्याची किंमत कळली. तिथून शिराझ, इस्फहान, तेहरान आणि तबरीझ असा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा प्रवास फार आनंदात झाला, त्याबद्दल तुम्हाला पूर्वीच सविस्तर सांगितले आहे.

बाझरगानला मी माकूहून सकाळी पोहोचलो. मालमोटारींची रांग लांबवर लागलेली होती आणि पलीकडे आरारातचे बर्फाच्छादित शिखर इतके स्वच्छ दिसत होते, की माझे निम्मे लक्ष तिकडेच होते. पासपोर्टच्या खिडकीपाशी गर्दी होती. तिथे सीमेवर घुटमळणाऱ्या एका मध्यस्थाने स्वतःहून माझा पासपोर्ट घेतला, रांगेतून पुढे नेला, शिक्का मारून आणला आणि हाताने तुर्कस्तानच्या फाटकाकडे खूण करून सर्व काम झाले असे सांगितले. मी त्याला पैसे दिले. आजूबाजूची माणसे सामान घेऊन फाटकाकडे सरकत होती आणि मीही गाडी ढकलत त्यांच्या मागे निघालो. अडीच हजार किलोमीटरच्या प्रवासानंतर, पासपोर्टवर शिक्का पडलेला असताना आणि समोर दुसरा देश दिसत असताना, आणखी काही उरले आहे असे मनात येत नाही. मी ते स्वतः अनुभवले आहे.

फाटक वीस पावलांवर असताना पासपोर्ट खिशात ठेवायला गेलो आणि हाताला पुठ्ठा लागला. पहिल्या चौकोनात खूण करण्यासाठी पेन काढले, तेव्हा दुसरा चौकोन मोकळा दिसला. कार्नेट माझ्या टाकीवरच्या पिशवीत, ज्या अवस्थेत मी बंदर अब्बासला ठेवले होते त्याच अवस्थेत, मधल्या तुकड्यासह बंद होते.

मागे फिरणे सोपे नव्हते, कारण पासपोर्टनुसार मी इराणमधून बाहेर पडलेला होतो आणि पहारेकरी मला परत आत सोडण्यास स्वाभाविकपणे तयार नव्हता. मला फारसी येत नाही आणि त्याला इंग्रजी येत नव्हते. मी कार्नेट उघडून मोकळ्या जागेवर बोट ठेवले आणि तुमचे तीन शब्द, तुम्ही लिहिले होते त्याच क्रमाने, म्हटले. तिसऱ्या शब्दाला त्याने मान डोलावली. त्याने एका वयस्क अधिकाऱ्याला हाक मारली आणि ते गृहस्थ मला स्वतः कस्टम्सच्या दालनात घेऊन गेले. तिथे थांबावे लागले, कारण जेवणाची आणि नमाजाची वेळ झाली होती. नंतर क्रमांक पडताळण्यासाठी ते गाडीपाशी आले, तेव्हा हँडलखालच्या नळीवर वाटेतला चिखल वाळून बसला होता. तुम्ही हत्यारांच्या पेटीत आग्रहाने ठेवायला लावलेला जुना दात घासण्याचा ब्रश आणि खडूचा तुकडा मी काढला, आणि खडू घासून क्रमांक पांढरा उठवून दाखवला. त्यांनी एकेक अक्षर मोठ्याने वाचत कार्नेटशी जुळवले. शून्यही जुळले. मग मधला तुकडा फाटला आणि वरच्या भागावर दुसरा शिक्का पडला.

मी पलीकडे गुर्बुलाकला पोहोचलो तेव्हा घड्याळ दीड तास मागे करावे लागले, इतका त्या दोन देशांच्या वेळांत तेव्हा फरक होता. त्यामुळे माझे सर्व थांबणे तुर्कस्तानच्या घड्याळात जवळजवळ नाहीसेच झाले.

पुढच्या सीमांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे, आणि तेही तुमच्याच सूचनेमुळे. जो देश कार्नेट मागत नाही, तिथे कौतुकापोटीही पान भरून घेऊ नकोस, कारण एकदा प्रवेशाचा शिक्का पडला की बाहेरच्या शिक्क्याची जबाबदारी आपल्यावर येते, असे तुम्ही बजावले होते. तुर्कस्तानने गाडीची नोंद माझ्या पासपोर्टच्या नावावर केली आणि गाडीशिवाय मला देश सोडता येणार नाही हे सांगितले. विमा सीमेवरच घ्यावा लागला, कारण एका देशात काढलेला विमा दुसऱ्या देशातही चालावा यासाठी युरोपात असलेल्या ग्रीन कार्ड विम्याच्या व्यवस्थेत भारत नाही. कापिकुले येथून बल्गेरियात शिरताना पुन्हा तीच चार कामे झाली आणि चारही चौकोनांत खुणा झाल्या.

परत आल्यावर मी सामान न सोडताच तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही चहा सांगण्याआधी कार्नेट मागितलेत, चष्मा लावून दोन्ही शिक्क्यांवरच्या तारखा वाचल्यात आणि इराणच्या पानावर क्षणभर बोट ठेवलेत. बाझरगानची हकीकत मी तेव्हा पूर्ण सांगितली नव्हती. पासपोर्टचा शिक्का घेऊन मी वीस पावलांवरून परत फिरलो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळत आहे. ते मी तेव्हा लपवले, कारण तुम्ही तीन संध्याकाळी शिकवूनही मी चुकलो असतो, हे तुमच्यासमोर बोलण्याची मला हिंमत झाली नाही. त्याबद्दल क्षमा करावी. पुढे संघटनेकडे कार्नेट जमा झाले, बँक हमी सुटली आणि वडिलांच्या ठेवीची पावती त्यांच्या कपाटात परत गेली. वडिलांनी त्या दिवशी तुमच्याकडे पेढे पाठवले होते. त्यामागचे खरे कारण त्यांनाही माहीत नव्हते. हे पत्र मी त्यांनाही वाचून दाखवणार आहे.

तुमच्या तीन संध्याकाळींचा मोबदला मी विचारला होता तेव्हा तुम्ही रागावला होता, म्हणून तो विषय पुन्हा काढत नाही. एक विनंती मात्र आहे. चौथ्या मजल्यावरचा मुलगा पुढच्या वर्षी गाडी घेऊन निघण्याच्या तयारीत आहे. त्याच्याकडेही पासपोर्ट, परवाना आणि लाल शाईचा नकाशा आहे. मी त्याला पुठ्ठ्यावर चार चौकोन काढायला सांगितले असून पेन्सिलीचा ठसाही घेऊन ठेवला आहे. रविवारी संध्याकाळी तुम्हाला सवड असेल, तर आम्ही दोघे खाली येतो. दिनदर्शिकेचे पाठकोरे पान मी घेऊन येईन.

तुमचा कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी