बाबा, तो मेसेज उपासनेत वाचू नका

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

बाबा, रविवारच्या संध्याकाळच्या उपासनेत तुम्ही संदेश देणार आहात आणि विषय घेतलाय, 'ख्रिस्ताला नाकारणाऱ्यांवर देव आजही चमत्काराने दंड पाठवतो का?' सुरुवातीला ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज वाचायचं म्हणताय, 'देवाची थट्टा करणाऱ्यांचं काय झालं' तो. विषय जरूर घ्या. मेसेज मात्र वाचू नका. कॉलेजची पोरं मागच्या बाकावर बसून फोनवर तिथल्या तिथे शोधतात. पहिलंच उदाहरण खोटं निघालं तर पुढचं वचन कोणी ऐकणार नाही.

ब्राझीलच्या तांक्रेदो नेव्हिस यांचंच घ्या. मेसेज म्हणतो, 'पक्षाची पाच लाख मतं मिळाली तर देवही मला अध्यक्षपदावरून हटवू शकणार नाही,' असं ते म्हणाले आणि आदल्या दिवशी आजारी पडून गेले. आता १५ जानेवारी १९८५ची ती निवडणूक बघा. ती जनतेच्या मतांनी झालीच नव्हती. ६८६ जणांच्या निर्वाचक मंडळाने मतदान केलं, नेव्हिस यांना ४८० मतं पडली आणि विरोधकाला १८०. जिथे मतदारच सातशेच्या आत, तिथे पाच लाखांची फुशारकी कोण मारेल? शपथविधीच्या आदल्या दिवशी ते आजारी पडले हे खरं. २१ एप्रिलला वारले हेही खरं. वय ७५, पोटाचं दुखणं, आणि माणूस कॅथलिक, देवाला मानणारा. अफवा अशीच टिकते बाबा, खिळा खरा असतो आणि त्याला टांगलेला सदरा खोटा.

बीटल्सच्या जॉन लेननचं 'आम्ही येशूपेक्षा लोकप्रिय आहोत' हे वाक्य खरं आहे. मार्च १९६६मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्रातल्या मुलाखतीत ते आलं. खून झाला ८ डिसेंबर १९८०ला, म्हणजे पावणेपंधरा वर्षांनी. मेसेजमधल्या सहा गोळ्या प्रत्यक्षात पाच होत्या आणि त्यातल्या चार लागल्या. पण अडचण गोळ्यांच्या हिशोबाची नाही. मारणारा स्वतःला ख्रिस्ती म्हणवायचा आणि त्या वाक्याचा राग त्याच्या मनात होता. त्याला 'देवाचा दंड' म्हटलं, तर एका खुन्याला आपण देवाचा दूत ठरवतो. हे वाक्य वेदीजवळ उभं राहून उच्चारायचं आहे का?

टायटॅनिकचं फार लांबवत नाही. 'देवसुद्धा बुडवू शकणार नाही' असं जहाज बांधणारा म्हणाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. 'जवळजवळ न बुडणारी' अशी जाहिरातबाजी मात्र होती. १५ एप्रिल १९१२च्या पहाटे दीड हजारांवर माणसं गेली, त्यांत बाप्टिस्ट पाळक जॉन हार्पर होते आणि कॅथलिक धर्मगुरू थॉमस बाइल्सही. थट्टा करणाऱ्याला धडा शिकवायला देवाने आपलेच दोन सेवक बुडवले, असं म्हणावं लागेल.

असा कुठलाही मेसेज आला की हीच कसोटी लावा. बोलणं आणि मरण यांच्यात किती काळ गेला? त्याच घटनेत भाविक किती गेले? आणि तसंच बोलून म्हातारपणी अंथरुणात शांतपणे मेले ते किती? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या माणसांचे मेसेज कोणी बनवत नाही. रोमन सम्राट डायोक्लेशियनने ३०३ साली ख्रिस्ती लोकांचा सगळ्यात मोठा छळ सुरू केला. चर्च पाडली, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळल्या. दोन वर्षांनी त्याने आपणहून गादी सोडली, समुद्रकाठच्या वाड्यात राहायला गेला, आणि स्वतः लावलेल्या कोबीचं कौतुक करत बसायचा, असं एक जुना रोमन लेखक सांगतो. कोबी! त्याच्यानंतरचा गलेरियस मात्र भयंकर दुखण्याने मेला. त्याचं वर्णन ख्रिस्ती लेखकांनी पानंच्या पानं चवीने केलंय.

आता शास्त्राकडे येऊ, कारण तुमचा खरा आधार तोच. 'पण प्रेषितांच्या कृत्यांत तर लिहिलंय' असं कोणीतरी म्हणणारच. नव्या करारातल्या त्या पुस्तकात असे प्रसंग तीन आहेत. पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा. ते नाकारणारे नव्हते, मंडळीतलेच होते. जमीन विकून आलेल्या पैशाबद्दल खोटं बोलले. बाराव्यात हेरोद राजा. प्रेषित याकोबाला त्याने मारलं तेव्हा त्याला काही झालं नाही. पुढे लोक 'ही देवाची वाणी, माणसाची नव्हे' म्हणून ओरडले आणि त्याने ते गोड मानून घेतलं तेव्हा पडला. पाच दिवस पोटदुखीने तळमळून तो मेला, असं यहुदी इतिहासकार जोसेफसही लिहितो. तेराव्यात जादूगार अलीम, पफे गावचा. त्याला आंधळेपण आलं तेही 'काही वेळपर्यंत', आणि ते सांगणारा पौल स्वतः दिमिष्कात तीन दिवस आंधळा होता.

याच पुस्तकात नाकारणारे मोजा. स्तेफनाला धोंडमार करणारी सबंध गर्दी. आथेन्समध्ये हसणारे. 'सवड मिळाली म्हणजे बोलावीन' म्हणणारा रोमन सुभेदार फेलिक्स. राजा अग्रिप्पा. यांच्यातल्या एकावरही वीज पडत नाही. स्तेफनाला मारणाऱ्यांनी ज्या तरुणाच्या पायाशी आपले कपडे ठेवले होते, तो शौल होता, म्हणजे पुढचा पौल. तेव्हाच वीज पडली असती तर नव्या करारातली किती पत्रं लिहायची राहिली असती, ते मोजून सांगा. मंडळी हसेल, आणि लक्षातही ठेवील.

जुन्या करारातही दंड आपल्याच लोकांवर आलेला दिसतो. नादाब आणि अबीहू याजक. उज्जा कराराच्या कोशाबरोबर चालणारा. मिर्याम मोशेची बहीण. गेहजी अलीशाचा चाकर, त्याला कोड लागलं, आणि ज्याचं कोड गेलं तो नामान परका सेनापती. करिंथच्या मंडळीत कित्येक आजारी आहेत आणि काही मेलेत, असं पौल लिहितो. कारण देतो प्रभुभोजनाचं: पोटभरल्यांनी आधी खाऊन घेतलं आणि गरीब उपाशी राहिले. म्हणून दंडावर बोलायचंच असेल तर आधी आपल्या पंचमंडळीकडे बघून बोलावं लागेल. हे मी तुम्हाला लिहितेय, तुम्ही पंच आहात हे माहीत असून.

दुसरी खूण क्रमाची. शास्त्रात दंड येतो तिथे बहुतेक वेळा आधी इशारा असतो, तो देणारा माणूस नावानिशी उभा असतो, आणि फिरायला वाट ठेवलेली असते. योनाने निनवेला चाळीस दिवसांची मुदत सांगितली. लोक फिरले, नगर वाचलं, आणि रुसला कोण, तर संदेष्टा. आपल्या मेसेजमध्ये उलटं चालतं. आधी मरण, मग कारणाचा शोध. असा शोध घेतला की प्रत्येकाला आपल्या सोयीचं कारण सापडतं. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला तेव्हा माणसं चर्चमध्ये होती आणि छतं त्यांच्यावरच कोसळली. जेझुइट धर्मगुरू मालाग्रिदा म्हणाले, लोकांच्या पापांमुळे. प्रोटेस्टंट म्हणाले, इन्क्विझिशनमुळे, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या कॅथलिक न्यायालयामुळे. तिची कचेरीही पडली होतीच. भूकंप एक, आणि दोघांनाही आपला शत्रू दोषी सापडला. २६ डिसेंबर २००४ला, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, वेलांकनीच्या किनाऱ्यावर त्सुनामीत गेले त्यांत किती यात्रेकरू होते, आठवा.

आणि हे हत्यार आपल्यावरही चाललंय. टायबरला पूर आला किंवा नाइलला नाही आला, की ओरड होते, 'ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका', असं ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लिहून गेला. ४१० साली रोम लुटलं गेलं तेव्हा जुने देव सोडल्याचा हा कोप, असं म्हटलं गेलं, आणि बिशप ऑगस्टिनला उत्तर द्यायला बावीस भाग लिहावे लागले. आपल्याकडे बाप्तिस्मा घेतलेल्या घरात पोर दगावलं की गावकी म्हणायची, देवी कोपली. तो तर्क तेव्हा चूक होता, तर आपल्या तोंडी आल्यावर बरोबर कसा होईल? मिलिता बेटावर पौलाच्या हाताला साप लटकला, तेव्हा लोक आधी म्हणाले खुनी आहे, आणि तो मेला नाही म्हणून लगेच म्हणाले देव आहे. दोन्ही अंदाज चुकले.

मराठी उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळकांचं द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली पाच वर्षं त्या नाहीच म्हणत होत्या. आधी नवऱ्यापासून दूर, मग त्याच्या घरात पण सोवळं सांभाळून. त्या पाच वर्षांत त्यांना तापाने गाठलं असतं तर आजचा मेसेज त्यांच्यावरही निघाला असता.

कायद्याचंही एक लक्षात असू द्या. ओडिशाच्या १९६७च्या आणि मध्य प्रदेशच्या १९६८च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यांत 'बळजबरी'च्या व्याख्येत दैवी अवकृपेची धमकीही धरली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ला दोन्ही कायदे वैध ठरवले. 'ख्रिस्ताला नाकारलंस म्हणून तुझं पोर आजारी पडलं' हे वाक्य कोणाच्या दारात बोललं तर ते कुठवर जाऊ शकतं, तुम्हीच बघा.

मग देव न्याय करतच नाही का, असं विचारतील. तसं म्हणू नका. करतो असंच म्हणा, पण रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय उघडून. तिथे देवाचा क्रोध विजेसारखा येत नाही. त्याने माणसांना त्यांच्याच वासनांच्या 'स्वाधीन केलं', हे तीन वेळा येतं, २४, २६ आणि २८ या वचनांत. शेवटचा दिवस आहे, आणि त्याला उशीर का, तर धीर धरला आहे म्हणून, असं २ पेत्र ३:९ सांगतं. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाची गुंडाळी वाचली तो प्रसंग हळू वाचा. यशया ६१च्या दुसऱ्या वचनात आधी प्रसादाचं वर्ष आहे आणि लगेच पुढे सूड घेण्याचा दिवस. येशू प्रसादाच्या वर्षापर्यंत वाचतो, वाक्याच्या मधेच थांबतो, गुंडाळी गुंडाळून सेवकाच्या हातात देतो आणि खाली बसतो. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा, लोकांना ऐकूनच कळेल.

वेळ पंचवीस मिनिटं धरा. वाचनाला लूक १३ घ्या, पण पाचव्या वचनावर थांबू नका. बहुतेक जण तिथेच चुकतात. शिलोहाचा बुरूज अठरा जणांवर पडला, ते बाकीच्यांहून जास्त पापी नव्हते, इथवर वाचतात, आणि 'पश्चात्ताप करा नाहीतर' एवढंच गाजतं. नऊपर्यंत वाचा. तीन वर्षं फळ न आलेलं अंजिराचं झाड, आणि माळी म्हणतो, एक वर्ष आणखी द्या, भोवती खणतो, खत घालतो. मग लूक ९. शोमरोनी गावाने थारा दिला नाही म्हणून याकोब आणि योहान आकाशातून अग्नी पाडू का विचारतात, आणि येशू त्यांनाच धमकावून दुसऱ्या गावी निघून जातो. तिथून सरळ प्रेषितांची कृत्ये ८ उघडा. त्याच शोमरोनात पेत्राबरोबर प्रार्थना करायला गेलेला तो योहानच आहे. यावर दहा मिनिटं द्या. बाकीची उदाहरणं त्यापुढे फिकी आहेत.

आई, तुझा प्रश्न वेगळा. प्रार्थनेला हसणारे ते शेजारचे काका अर्धांगवायूने पडलेत, भेटायला जाताना काय बोलावं? कमी बोल. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. पंधरा मिनिटांहून जास्त बसू नकोस, आजारी माणूस लवकर थकतो. त्यांच्या लुळ्या बाजूला न बसता दुसऱ्या बाजूला बस, म्हणजे मान वळवावी लागणार नाही. प्रार्थना करू का, हे त्यांनाच विचार, काकूंना नाही. नको म्हणाले तर बरं म्हण आणि विषय बदल. हो म्हणाले तर दोन मिनिटांत संपव, आणि त्यात 'पाप' आणि 'क्षमा' हे शब्द त्यांच्या नावाला जोडून आणू नकोस. उशाशी पत्रक ठेवू नकोस. काही खायला न्यायचं असेल तर आधी काकूंना विचार, गिळायला त्रास होत असेल तर पातळ पेजसुद्धा घशात अडकते. डॉक्टरांनी दाट द्यायला सांगितलं असेल तर मऊ भात नीट घोटून ने.

तुमची,
मुलगी