भाऊकाकांची डुक्कर फियाट आणि तुझा डावा पाय

रामबाग, इंदूर
गुरुवार, रात्री

प्रिय बंड्या,

तुझा डावा पाय मुंबईच्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये छापून येणार आहे. नुसता पाय. बाकीचा तू कापला गेलास. इथल्या लालबाग राजवाड्याच्या त्या विलायती फाटकापुढचा फोटो आठव, पुण्याची आत्या आली होती तेव्हाचा. तू डुकराच्या मडगार्डवर बसलायस आणि तुझे नाना हातात स्टार्टिंग हँडल घेऊन उभे आहेत. माईवहिनींच्या पिंट्यानं तुला कापलं, पण पाय मडगार्डवर असल्यामुळे तो काढता येईना. म्हणून खाकी चड्डीची कड, खरचटलेला गुडघा आणि तुटक्या अंगठ्याची स्लिपर एवढं राहिलंय. मंगल म्हणाली, हा पाय बंडूभावजींचाच, अजूनही तसाच हलवत बसतात.

हसून घे. आता पुढचं ऐक. फोटोखाली ओळ घातली आहे, ‘होळकर सरकारांच्या गॅरेजमधील शोफर, मोटारीसह’.

नाना! मिलच्या गेटवर लाल बावटा घेऊन उभे राहणारे नाना. राजवाड्यावरून जाताना मुद्दाम टोपी न काढणारे आणि त्यावरून भाऊकाकांशी वाद घालणारे. त्यांना पिंट्यानं सरकारांचा शोफर करून टाकलं. हे दुसऱ्या कुणाला सांगू? इथं ज्याला सांगतो तो म्हणतो, वा, छान, मग किंमत चांगली येईल.

पहिल्यापासून सांगतो. डुक्कर विकायचं ठरलंय आणि ते मला मान्य आहे. माईवहिनींच्या घराचं छत गळतंय, पिंट्याचा विजय नगरचा कॅफे बुडाला, आणि गाडी गोठ्यात ताडपत्रीखाली पडून होती. उंदीर तरी किती पोसायचे? पोरगं वाईट नाही. वहिनींना दवाखान्यात तोच नेतो. हल्ली मात्र त्याच्या अंगात लिलाव संचारलाय. रोज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन येतो आणि माझी शिकवणी घेतो. रिझर्व्ह म्हणजे आधी ठरवलेली किमान किंमत, तिच्याखाली विकायची नाही. हातोडा पडला की जी किंमत, तिच्यावर घेणाऱ्याकडून वेगळी टक्केवारी आणि विकणाऱ्याकडून वेगळं कमिशन. म्हणजे लिलाववाला दोन्हीकडून जेवतो. मी म्हटलं, अरे, ही तर आपल्या मंडीतली अडत झाली.

मग तो दाखले देतो. मर्सिडीजनं 1955 साली उलेनहाउट नावाच्या इंजिनिअरच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या दोनच कूपे गाड्या बनवल्या आणि दोन्ही स्वतःपाशी ठेवल्या. त्यातली एक 2022 मध्ये विकली, 13 कोटी 50 लाख युरोंना. आपले अकराशे कोटी रे! त्या पैशातून म्हणे पोरांना शिष्यवृत्त्या. हे ऐकून मी ताडपत्री उचलून डुकराकडे पाहिलं. बंपरवर कोंबडी बसली होती.

तर मुद्दा असा की गाडीपेक्षा गाडीच्या गोष्टीवर बोली लागते, हे पिंट्याला पक्कं कळलंय. त्याचा लाडका दाखला ड्यूसेनबर्ग या जुन्या अमेरिकी मोटारींचा. 1935 साली त्यांच्या एसएसजे नावाच्या दोनच गाड्या झाल्या, एक हॉलिवूडच्या गॅरी कूपरकडे गेली, दुसरी क्लार्क गेबलकडे. कूपरवाली 2018 मध्ये 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. ‘काका, नाम का पैसा है!’ आणि ड्यूसेनबर्ग म्हटल्यावर इंदूरच्या पोराच्या डोक्यात दुसरं काय येणार? यशवंतराव महाराजांची केशरी-काळी ड्यूसेनबर्ग, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली. ती केव्हाच अमेरिकेत गेली. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याचं फर्निचरही 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. पिंट्याचं म्हणणं, होळकरांचं सगळं जग विकून खातंय, तर आपण इंदूरकरांनीच काय घोडं मारलंय?

आता त्याची हुशारी बघ. डुक्कर 1956 चं, कुर्ल्याच्या प्रीमियरची प्लेट शाबूत आहे. भाऊकाकांनी घेतलं 1963 मध्ये, सियागंजच्या शेठकडून. आरसी बुकाचं पहिल्या मालकाचं पान वाळवीनं खाल्लंय. महाराज गेले 1961 ला. म्हणजे मधली वर्षं मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत पिंट्यानं राजवाडा बांधला. लालबागेचं फाटक फोटोत आहेच. मी म्हटलं, अरे, जो माणूस ड्यूसेनबर्गची बॉडी लंडनला बांधून घेतो, तो 1089 सीसीच्या फियाटमध्ये कशाला बसेल? तर म्हणतो, ‘सरकार नाही, स्टाफसाठी.’ याला उत्तर आहे? शिवाय होळकरांच्या गाड्यांची कुंडली चाकाच्या नटापर्यंत मांडून बसलेले लोक जगभर आहेत. त्यातला एखादा उभा राहिला तर छी-थू पिंट्याची नाही व्हायची, सही करणाऱ्याची होणार.

आणि सही माझी हवी आहे. घरातल्या ज्येष्ठानं गाडीचा इतिहास लिहून खाली सही करायची, असा कागद आलाय. मुंबईची मंडळी सरळ आहेत, त्यांनी फक्त खरं काय ते विचारलंय. मजकूर पिंट्याचा. मी सही करत नाही म्हटल्यापासून माईवहिनी माझ्याशी पोह्यांपुरतं बोलतात. परवा म्हणाल्या, ‘भाऊजी, गेलेल्या माणसाला शोफर म्हटलं काय नि फिटर म्हटलं काय, त्यांना काय फरक पडतो?’ मी तिथून उठून आलो.

1986 ची गणपतीतली रात्र तुला आठवत असणार. नानांची लाल कापडी वही माझ्या तोंडापुढे नाचवून तू म्हणालास, माझ्या बापाला तुमच्या घरानं फुकट राबवलं. वहीत ‘बाकी’चा रकाना होता. आणि मी म्हणालो होतो की भाऊकाकांनी तुमच्या घरातलं एक बाळंतपण, एक टायफॉइड नि तुझं मोडलेलं मनगट यांचा पैसा कधी घेतला नाही, तेव्हा फिटंफाट. त्या भांडणात मी आजही माझ्याच बाजूनं आहे, उगाच खूश होऊ नकोस. पण दोन माणसांतला तो हिशेब होता, दोघंही मान वर करून बसायचे आणि एकमेकांना ‘अहो डॉक्टर’, ‘अहो नाना’ म्हणायचे. शोफर हा त्या हिशेबात कुठंच बसत नाही.

(बडा गणपतीपाशी चाटच्या ठेल्यावर गाडी तू घातलीस. मी नाही. पोचा अजून आहे, येऊन बघ.)

पितळी हँडलची गोष्ट आणखी वेगळी. ड्रायव्हरच्या त्या उलट्या उघडणाऱ्या दाराचं कंपनीचं हँडल तुटलं तेव्हा नानांनी मिलच्या भंगारातला पितळी तुकडा कानशीनं घासून नवं केलं होतं, बघ. भाऊकाकांचा उजवा अंगठा वाकत नसे, म्हणून वरच्या अंगाला अंगठा टेकायला खोलगट घाट दिलेला. परवा रॉकेलनं पुसलं. आतल्या बाजूला पंचनं मारलेली तीन टिंबं आहेत, नानांची खूण. खालचं टिंब थोडं घसरलंय. माझा अंगठा त्या घाटात बरोबर बसतो, आणि माझा तर वाकतोही. पिंट्याला ते काढून मुंबईहून क्रोमचं ‘ओरिजिनल’ लावायचं होतं, वर पेंटरकडून अख्खी गाडी चकाचक.

इथं मात्र मी त्याच्याच शास्त्रानं त्याला अडवला. म्हटलं, तूच मला पॅरिसच्या लिलावाचे फोटो दाखवलेस ना? फ्रान्समधल्या त्या बायोंच्या वाडीतल्या 59 गाड्या, 2015 च्या. गंजलेल्या, धुळीनं माखलेल्या, तशाच मांडल्या. एका फेरारीवर जुन्या मासिकांचे गठ्ठे पडले होते आणि ती 1 कोटी 63 लाख युरोंना गेली. तिथं कुणी रंग दिला नाही. आणि सरकारचा 2021 चा नियमही वाचून दाखवला. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात असली तर व्हिंटेज म्हणून नोंद होते, नव्यानं नोंदली तर नंबरात ‘व्हीए’ येतं, फेरनोंदणीला 5,000 रुपये फी. मग रोज भाजीला न्यायची नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच. पोरगं विचारात पडलं. पेंटर तूर्त टळलाय. हँडल मी काढून माझ्या कपाटात ठेवलंय, किल्ली मंगलकडे.

आता काम. ती लाल वही तुझ्याकडे आहे की ग्वाल्हेरला घर बदलताना गेली? नाना सियागंजच्या शेठकडे रविवारी काम करत, गाडी तिथं कोरी आली तेव्हापासून. प्लग, ब्रेकशूज, रिबोअर, सगळं तारखेसकट त्या वहीत असणार. तसं असेल तर मधली वर्षं मोकळी राहत नाहीत. पिंट्याच म्हणत होता, जुन्या गाडीबरोबर दुरुस्तीची सलग नोंद निघाली तर घेणारे तिला फार मानतात. त्याला ठाऊक नाही की अशी वही आहे. मी अजून सांगितलेलं नाही, कारण वही तुझी आहे. बाहेर काढायची की नाही ते तू ठरव.

काढलीस तर अख्खी पानं पाठव. ‘बाकी’चा रकाना झाकू नकोस. पिंट्या वाचू दे, मुंबईची मंडळीही वाचू देत. फक्त त्यावर व्याज लावू नकोस, डुक्कर विकूनही पुरायचं नाही आणि मला राहतं घर काढावं लागेल. नाही म्हणालास तरी सही मी करणार नाही. मी माझा एक पानाचा साधा इतिहास लिहिला आहे, शेठ, भाऊकाका, नाना अशा क्रमानं, सोबत जोडतोय. साल चुकलं असेल तर लाल पेनानं दुरुस्त कर. तुला माझ्या चुका काढायला फार आवडतं.

आणि फोटोची मूळ प्रत तुझ्या आईच्या पेटीत होती, ती सापडते का बघ. मला पूर्ण फोटो छापायला हवा आहे, नावांसकट.

बाकी सगळं ठीक. माझी शुगर आहे तिथेच, मंगलचा गुडघा बरा. सुमेधाला मुलगा झाला, अभिनंदन, पेढे आले नाहीत. तुझ्या मोतीबिंदूचं झालं का? झालं नसेल तर हे वहिनींकडून वाचून घे, चाटच्या ठेल्याचं तेवढं त्या गाळतील. ग्वाल्हेरला राहून शिंद्यांचं कौतुक पुरे झालं, जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरवणाऱ्यांनी आमच्या ड्यूसेनबर्गला नावं ठेवू नयेत. हडपसरची लढाई विसरलास वाटतं, होळकरांनी शिंद्यांना हरवलं ती.

कागद महिनाअखेरीला द्यायचा आहे. फोन केलास तर दुपारी कर, संध्याकाळी पिंट्या इथं लॅपटॉप घेऊन बसलेला असतो.

तुझा,
शिऱ्या

ता.क. मंगल म्हणते, वहीची झेरॉक्स पाठव, मूळ वही पोस्टानं नको. स्वतः घेऊन आलास तर उत्तम. रंगपंचमीच्या आत ये, त्या दिवशी गेरच्या, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीच्या गर्दीत राजवाड्याकडून निघता येत नाही.