नवरा सोडून दुसरे काही लिहायला नव्हते?

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला अभिनेत्री प्रिया तेंडुलकरांवरचा लेख वाचून संताप झाला. अर्धा लेख करण राजदान यांच्याशी 1988 मध्ये झालेल्या लग्नावर आणि उरलेला बराचसा ते लग्न का मोडले यावर. अन्यायाला जाब विचारणाऱ्या गृहिणीची त्यांची भूमिका असलेल्या दूरदर्शनवरच्या ‘रजनी’ मालिकेच्या वाट्याला एकच वाक्य, तेही मालिकेतल्या नवऱ्याशीच पुढे खरे लग्न झाले हे सांगण्यापुरते. त्यावर कडी म्हणजे, बाईंच्या करारी स्वभावामुळे संसार टिकला नसावा असा लेखकाचा तर्क. याला आधार काय? त्या घरात हे लेखक राहायला होते का?

मला हे इतके लागण्याचे कारण सांगते. 1985 मध्ये ‘रजनी’ लागायची तेव्हा माझी थोरली बहीण नवऱ्याचे घर सोडून आमच्याकडे डोंबिवलीला आलेली होती. घरातही ती खालच्या आवाजात बोलायची. मालिकेत गॅस सिलिंडरचा विषय आला आणि त्यानंतर कधीतरी सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने नेहमीप्रमाणे वरचे पैसे मागितले, तेव्हा ताई दारात उभी राहिली. पावतीवर आहेत तेवढेच मिळतील म्हणाली. तो तणतणत गेला. पण पुढच्या वेळेपासून आमच्याकडे वरचे पैसे मागायची त्याची हिंमत झाली नाही. चाळीतल्या बायकांना खरे तर याचा फायदाच झाला. त्यातल्याच एकीने नळावर म्हटले, “असल्या तोंडामुळेच नांदली नाही ही.” ताईने ते ऐकले होते.

तुमच्या लेखकाने तेच वाक्य जरा बऱ्या भाषेत लिहिले आहे. बाई स्पष्ट बोलते ना, मग संसार तिच्यामुळेच मोडला असणार! लग्न दोघांचे होते, जाब मात्र तिलाच, आणि तोही ती उत्तर द्यायला नसताना.

टॅक्सीवाल्यांच्या अरेरावीवरचा भाग दाखवल्यावर मुंबईतले टॅक्सीवाले दूरदर्शनवर मोर्चा घेऊन गेले होते. एका मालिकेने एवढे हलवले होते शहराला! ते लेखात नाही. प्रियाताईंनी मराठीत कथा लिहिल्या, तेही नाही. पुढे टीव्हीवर स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम चालवला, ‘हम पांच’मध्ये भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याला सुनावणारी पहिली बायको केली, यातलेही काही नाही.

आणि कौटुंबिक आयुष्यावरच लिहायचे होते, तर कुटुंब म्हणजे फक्त नवरा का? त्यांचे वडील, नाटककार विजय तेंडुलकर यांची पत्नी आणि मुलगा 2001 मध्ये गेले आणि 19 सप्टेंबर 2002 ला प्रिया. कर्करोगाशी झुंजत असताना त्यांनी आई आणि भाऊ गमावले होते. त्यांच्यामागे म्हातारे वडील उरले. तेंडुलकरांचे नाव तुम्ही फक्त ‘यांची कन्या’ म्हणण्यापुरते वापरलेत. हे वाचताना मला माझे वडील आठवले, कारण ताई गेली तेव्हा तेही होते. भेटायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी त्यांना विचारले, “तिच्या नवऱ्याला कळवले का?” तिने शाळेत किती वर्षे नोकरी केली, धाकट्या भावाचे शिक्षण कोणी केले, हे कोणीच विचारले नाही.

लेखकाने आपला तर्क मागे घ्यावा आणि तुम्ही तसे याच पुरवणीत छापावे, एवढी विनंती आहे.

जाता जाता आणखी एक. पाणीपुरवठ्यावरचे माझे मागचे पत्र तुम्ही इतके कापलेत की तक्रार कोणत्या विभागाची आहे हेच त्यात राहिले नाही. वाचकांच्या पत्रांची जागा आता गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी खाल्ली आहे, हे दिसते. तरी हे पत्र छापलेत तर माझ्या बहिणीबद्दलचा मजकूर कापू नये. तो कापायचा असेल तर पत्र छापूच नका.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)