तोंडावर ताबा ठेवा म्हणण्याआधी पोटाला टेप लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत मेटाबॉलिक सिंड्रोमवर (म्हणजे पोटाचा घेर, साखर, रक्तातली चरबी असं सगळं एकदम बिघडणं) लेख आला होता, माहिती बरी होती पण शेवटी गाडी नेहमीच्या स्टेशनावर आलीच, की तोंडावर ताबा ठेवा. मी बावन्न वर्षांची बाई, तीन वेळा डाएट करून बसलेय, त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच झोंबतं.

चार वर्षांपूर्वी मी ११ किलो उतरवले होते. सोसायटीत कौतुक झालं, ब्लाऊज आत घेऊन झाले, आणि मग जी भूक सुटली ती काय सांगू, रात्री साडेअकराला फ्रीजमधली गार साबुदाण्याची खिचडी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खाल्लीय मी. वर्षभरात १० किलो परत. सासूबाई म्हणाल्या, "तुला सोसलं नाही गं बारीक होणं." मला मात्र वाटायचं आपणच खादाड.

नंतर वाचनात आलं की २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० जाड लोकांना १० आठवडे अगदी मोजकं खायला देऊन वजन उतरवलं आणि मग त्यांचे भुकेचे हार्मोन मोजत राहिले, तर वर्ष उलटलं तरी लेप्टिन खालीच आणि घ्रेलिन वरच. घ्रेलिन जठरातून येतं, जेवायच्या आधी वाढतं, थोडक्यात पोटात ओरडणारे कावळे ते हेच. आणि लेप्टिन येतं आपल्या चरबीतूनच, मेंदूला सांगतं की कोठार भरलंय, आता पुरे. म्हणजे साडेअकराला फ्रीजपाशी मी काही एकटी नव्हते!

लेप्टिन सापडलं १९९४ मध्ये, न्यूयॉर्कला. तेव्हा सगळ्यांना वाटलं की इंजेक्शन टोचलं की जाडी गेली. इंग्लंडमध्ये ९ वर्षांची एक मुलगी होती, जन्मापासून तिच्या अंगात लेप्टिनच बनत नव्हतं, वजन तब्बल ९४ किलो, सतत खा खा. तिला लेप्टिन दिलं आणि भूक ताळ्यावर आली, वर्षात १६ किलोच्या वर वजन उतरलं. तिला कुणी तोंडावर ताबा ठेव सांगून काय झालं असतं? पण बाकीच्या बहुतेक जाड माणसांत उलटंच निघालं, लेप्टिन भरपूर असतं पण मेंदू दाद देत नाही. गणपतीत मांडवाला लागून ज्यांचं घर असतं ना, त्यांना चौथ्या दिवसापासून स्पीकर ऐकूच येत नाही, तसं काहीसं.

आता आमच्या ह्यांचं ऐका, कारण खरा राग तिथे आहे. हे काडीपैलवान, १६८ सेंमी उंची, ६४ किलो वजन, हेल्थ चेकअपमध्ये दरवर्षी 'वजन नॉर्मल' असा शेरा. कमरेला टेप मात्र कुणी कधी लावली नाही. शेवटी मीच शिवणाच्या डब्यातली काढून लावली तर घेर ९६ सेंमी! भारतीय पुरुषांना ९० च्या आत हवा, बायकांना ८० च्या. मग जुने रिपोर्ट काढले, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २१० (१५० च्या खाली पाहिजे), चांगलं कोलेस्टेरॉल ३४, उपाशीपोटी साखर १०८. ह्या चार आणि रक्तदाब, अशा पाचातल्या तीन गोष्टी बिघडल्या तरी सिंड्रोम म्हणतात, ह्यांच्या चार. पोटाच्या आतली चरबी वाढली की अॅडिपोनेक्टिन नावाचं हार्मोन कमी होतं, ते इन्सुलिनला मदत करणारं, म्हणजे माणूस दिसायला बारीक आणि आतून बिघडलेला.

आणि हे तर आपल्या पुण्यातच सांगून झालंय हो! केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सेम २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. त्यांच्याच टीमने पुण्याकडची बाळं इंग्लंडच्या बाळांशी ताडून बघितली, आपली वजनाने बरीच हलकी, तरी नाळेच्या रक्तातलं लेप्टिन जवळपास सारखंच आणि इन्सुलिन आपल्या बाळांचं जास्त. आता त्या पोटातल्या बाळाने काय वडापाव खाल्ला होता का?

मी काही व्यायाम नको म्हणत नाहीये, रोज टेकडी चढते. फक्त पुढच्या लेखात खादाडपणाचा उपदेश दोन ओळी कमी करा आणि टेप कुठे कशी लावायची त्याचं एक चित्र छापा.

आपली एक जुनी वाचक,
पुणे

ता.क. माप घेताना पोट आत ओढू देऊ नका. ह्यांनी ओढलं होतं, ते ९६ तसं आलेलं आहे.