भाकड दिवसांचा चारा

देवगड,
22 जुलै

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा आईने मोठ्या अक्षरांत छापून आणला. गेले चार दिवस पडवीत बसून तोच वाचतोय. पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस सरून पुष्याचा म्हातारा लागला आहे, पण जोर तरण्याचाच आहे. आंब्याच्या गराचा कारखाना धुऊन पुसून बंद केला. गर काढायच्या पल्परला ग्रीस लावलं. कारखान्यातल्या बायका भाताच्या लावणीला गेल्या आहेत.

पुढच्या 1 एप्रिलपासून कागदांवर सही तुझी असणार. ते मला मनापासून हवं आहे, म्हणूनच दोन गोष्टींवर आत्ता बोलतो. यंदा सगळ्या बागेला कल्टार, म्हणजे मोहोर आणायचं औषध, घालायचं आणि जून ते सप्टेंबर बायकांना आपण देतो तो अर्धा पगार बंद करायचा, असं तू लिहिलं आहेस. उत्पन्न नाही त्या महिन्यांत खर्च नको, फळ नाही त्या झाडाने वर्ष फुकट घालवू नये, हा त्यामागचा हिशोब. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. हाच हिशोब मी एकदा केला होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते तुला आजवर नीट सांगितलेलं नाही.

सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरची, हापूसची 120 कलमं मी 1991 साली लावली. आदल्याच वर्षी रोजगार हमीतून फळबागेला शंभर टक्के अनुदान सुरू झालं होतं. कातळात सुरुंग लावून खड्डे केले, माती खालून टोपल्यांनी वर नेली. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष थांबतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. का थांबतो? ज्या डहाळ्यांनी फळ पोसलं त्या दमलेल्या असतात. त्यांना पावसाचं पाणी प्यायचं असतं, पावसाळा सरताना नवी पालवी काढायची असते, ती पालवी पक्व व्हायला हवी असते. मग नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडली की मोहोर. पालवीला वेळ मिळाला नाही तर थंडी कितीही पडो, डहाळी तशीच राहते.

2011 साली कारखान्यासाठी कर्ज काढलं. बँकेचा हप्ता दरवर्षी येतो, तो काही आंब्यासारखा एक वर्ष थांबत नाही. म्हणून कल्टार घातलं. औषध वाईट नाही, हे आधी सांगतो. झाडाची नुसती वाढ रोखून ते त्याला मोहोराकडे वळवतं, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची नीट पद्धत घालून दिली आहे. 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान द्यायचं, झाडाचा विस्तार मोजून मीटरला 3 मिली, आणि झाडावर जादा ओझं टाकतोय म्हणून खतही वाढवायचं. मी काय केलं? मोजपट्टी न धरता अंदाजाने दीडपट-दुप्पट ओतलं आणि वर खताचे पैसे वाचवले. चार वर्षं बाग अशी धरली की लोक बघायला यायचे. मी सगळ्यांना चहा पाजून माझी हुशारी सांगायचो.

पाचव्या वर्षी आजीला घेऊन बागेत गेलो होतो. तिने एक डहाळी वाकवली आणि बराच वेळ बोटांनी चाचपत राहिली. एरवी दोन पानांत बोटाच्या पेराएवढं अंतर असतं. तिथे ते नखाएवढं उरलं होतं. पानं एकावर एक दाटलेली, मूठ आवळल्यासारखी. पालवीचा पत्ता नाही. त्यानंतर तीन हंगाम ती बाग जवळजवळ रिकामी होती. अकरा झाडं तर उठलीच नाहीत, त्यांचं सरपण झालं. त्या तीन वर्षांच्या हप्त्यांसाठी तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या. तू तेव्हा बारावीत होतीस, तुला कळू दिलं नाही.

आपल्याकडे बाग खंडाने घेणारे कसे वागतात ते तू पाहिलं आहेस. तीन वर्षांचा करार असेल तर तीन वर्षांत पिळून घ्यायचं, चौथ्या वर्षी झाड जगो की मरो. त्यांना मी नावं ठेवायचो. आणि मी माझीच बाग खंडाने घेतल्यासारखी वापरली. बाय, मालकाची खुर्ची मिळाली की हा मोह सारखा होतो, म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय. वर्षाअखेरीचा आकडा चांगला दिसावा म्हणून माणूस यंत्राची दुरुस्ती पुढे ढकलतो, माणसांना दमवतो, आणि तो आकडा पुढच्या वर्षाच्या पोटातून काढलेला असतो. ताळेबंदात ते कुठेच दिसत नाही. डहाळीवर दिसतं, पण चार वर्षांनी.

आजी त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "गाय भाकड झाली म्हणान तिचो चारो बंद करतात काय रे?" भाकड दिवसांत गायीच्या पोटात काय जातं त्यावर पुढच्या वेताचं दूध ठरतं, हे तिला शिकवावं लागलं नव्हतं.

पगाराचंही तेच आहे. नऊ बायका आहेत. चार महिने अर्धा पगार, शिवाय पावसाच्या तोंडावर, आगोटीला, उचल. तुझ्या तक्त्यात ही रक्कम लाल रंगात आहे. 16 मे 2021 आठव. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं त्या दिवशी दुपारपर्यंत निम्मा आंबा जमिनीवर होता. टाळेबंदीमुळे गाड्या नाहीत, वीज गेलेली, ती आठ दिवस आली नाही. आपटलेला आंबा दोन दिवसांत नासतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना दारात नऊच्या नऊ बायका उभ्या होत्या, आपापल्या विळ्या घेऊन. त्यांतल्या तिघींच्या घरांची कौलं उडाली होती. मी निरोप पाठवला नव्हता. खळ्यात प्लास्टिक अंथरून, वर ताडपत्री ताणून, त्यांनी हिरव्या फोडी केल्या आणि मिठाच्या पाण्यात पिंपं भरली. त्याला वीज लागत नाही. ती पिंपं पुढे लोणचंवाल्यांनी नेली आणि त्या वर्षीचा हप्ता त्यातून गेला. आदल्या पावसाळ्यात, धंदा बुडीत असताना, आम्ही त्यांचा अर्धा पगार थांबवला नव्हता. ते पैसे कुठे गेले असं तू विचारलंस तर मी त्या पिंपांकडे बोट दाखवीन.

शिल्लक ठेवण्याबद्दल तू लिहिलंस ते पटलं, फक्त वेळ बदल. तू मे महिन्यातच वीस टक्के बाजूला काढायचे म्हणतेस. मेमध्ये पैसा पुरासारखा येतो आणि पुरासारखाच बारदान, वाहतूक, मजुरी यांत जातो. पुरात कोणी बंधारा घालत नाही, वाहून जातो. आपण पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा कधी घालतो? पाऊस गेल्यावर, धार बारीक पण वाहती असताना. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून. उशीर केला तर अडवायला पाणीच नसतं. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पडतो आणि एप्रिलमध्ये सड्यावरची विहीर तळ दाखवते. तेव्हा जूनअखेर सगळे हिशोब मिटले की जे वाहतं उरतं, ते अडव.

कोकमाचं मात्र जरूर कर. सौर वाळवणीची कल्पना मला फार आवडली. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, मेमध्ये पिकतात आणि वळवाचा पाऊस आला की आमसुलं बुरसतात, दरवर्षीची रड आहे. आंबा, काजू, कोकम, फणस, एकाला फटका बसला तर दुसरं हात देईल. मागच्या महिन्यात आलेला एक खरेदीदार तोतापुरीचा गर हापूसमध्ये मिसळून द्यायला सांगत होता, त्याला मी चहा देऊन वाटेला लावलं. 2018 साली कोकणच्या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव आपण एकट्याने कमावलेलं नाही, मग विकायचं कसं? तोतापुरीचा वेगळा डबा, वेगळ्या नावाने करायचा असेल तर माझी हरकत नाही.

काल संध्याकाळी बंदरावर गेलो होतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळ्या बोटी वर ओढलेल्या. जाळी विणणं, फळ्या बदलणं, इंजिन उघडणं चालू होतं. बंदी तोडून आत जाणारेही आहेत, आणि तेच लोक पापलेट तळहाताएवढं झालं म्हणून सरकारला बोलतात. मला तिथे तुझी आठवण झाली. तू सहा वर्षांची असताना विचारलं होतंस, "बाबा, बोटींना पण मे महिन्याची सुट्टी जूनमध्ये मिळते का?"

आता कामाचं. कल्टारची मुदत 15 ऑगस्टला संपते, तेव्हा त्याआधी कळव. माझं मत असं, यंदा फक्त वरच्या टप्प्यातली चाळीस झाडं घ्यावीत. ती दोन वर्षं विसावली आहेत, पानं काळीभोर आहेत. प्रत्येक झाड मोजून, खत दीडपट. खालच्या टप्प्याला हात लावू नये. पण ठरव तू. तुझं वेगळं ठरलं तर कारण लिही, मी वाद घालीन आणि मग तू सांगशील तसे कल्टारचे खड्डे काढून घेईन.

शनिवार-रविवार जमलं तर येऊनच जा. लावणी संपली की बायका रिकाम्या असतील, त्यांच्याशी पगाराचं तूच बोल. मोजपट्टी मांगरात दाराच्या मागच्या खुंटीला आहे.

तुझे,
बाबा